व्होल्टेज उतरलं, पंखा पळाला

१

२००४ सालच्या मे महिन्यात, एका रविवारी भर दुपारी, आमच्या गावातून घागरभर पाणी चोरीला गेलं.

घागर नव्हे. घागर जिथल्या तिथं होती, डीपीजवळच्या, म्हणजे गावाला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरजवळच्या, लिंबाखाली. आतलं पाणी तेवढं गेलं. ती घागर होती तांड्यावरच्या धुरपताबाईची. अर्ध्या कोसावरच्या विहिरीवरून दोन घागरी एकदम आणवत नाहीत, म्हणून तांड्याच्या बाया एक लिंबाखाली ठेवतात, दुसरी घरी पोचवतात आणि परत येतात. आजवर त्या लिंबाखालच्या पाण्याला कुणी हात लावला नव्हता.

सोमवारी सकाळी धुरपताबाई रिकामी घागर घेऊन माझ्या ओट्यापुढं उभी.

"लाईनमन, तुमी शाणे माणूस. सांगा, पाणी कोन नेलं? पेला असता तर म्या आणखी वतलं असतं. घागरभर कोन पेतं?"

"धुरपताबाई," मी गंभीर चेहऱ्यानं म्हणालो, "तुमची घागर डीपीनं पेली. उन्हाळ्यात डीपीला तहान लागती. मी नोकरीत असताना एक डीपी अख्खा हौद पेला होता, मंग तीन दिवस ढेकर देत होता."

ओट्यावरची माणसं हसली. धुरपताबाईनं मला तिच्या भाषेत एक शिवी दिली आणि ती निघून गेली.

थाप मारता मारता मी खरं बोलून गेलो होतो, हे मला तीन दिवसांनी कळलं.

मी शेषराव. सेनगाव तालुक्यात तीस वर्षं लाईनमन होतो. खांबावर चढलेल्या माणसाचं म्हणणं खालून तपासता येत नाही, त्यामुळं थापा मारायची सवय लागली. औंढ्याच्या बाजूला मी खांबावर असताना खाली बिबट्या येऊन बसला आणि मी त्याला पक्कड फेकून दिली, ती तो रोज परत आणून द्यायचा, ही एक. अर्थिंगला पाणी घालताना डाव्या पायातली चप्पल काढावी, नाहीतर करंट धारेवरून वर चढतो, ही एक. चिमण्या तारेवर बसण्याआधी तारेला विचारतात, ही आणखी एक. कुणाला कोणती मारली, ते मी लक्षात ठेवलं नाही. ठेवायला पाहिजे होतं.

त्या रविवारी मी खूश होतो. माझा मुलगा प्रेमानंद हिंगोलीहून जेवायला आला होता. त्याचं तिथं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. खांद्यावर ही मोठी जड पिशवी. "गिऱ्हाइकाचं सामान हाय, बाबा, वाटंत द्यायचंय," म्हणाला. माझ्या बायकोनं, लक्ष्मीबाईनं, मटण केलं होतं. जेवून मी खाटेवर पडलो. व्होल्टेज इतकं कमी की डोक्यावरचा पंखा पाती मोजता येतील असा फिरत होता. मग अडीचच्या सुमाराला तो एकदम सुटला. वारा लागला आणि मला अशी झोप लागली की पोरगं कधी गेलं तेही कळलं नाही.

बुधवारी दुपारी अभ्यासिकेतला कॉम्प्युटर मेला.

२

अभ्यासिका म्हणजे आमची बौद्धवस्ती आणि नाल्यापलीकडचा तांडा, ह्यांच्या मधली पत्र्याची एक खोली. तांड्यावरचा रणजीत पुण्यात इंजिनिअर झाला. त्यानं हिवाळ्यात स्वतःचा कॉम्प्युटर पाठवला, एका अटीवर: शिकवायला बाई पाहिजे, म्हणजे पोरी येतील. वस्तीतली ज्योती सेनगावला सहा महिन्यांचा कोर्स करून आलेली, बावीस वर्षांची. किल्ली तिला मिळाली. अकरा पोरी यायला लागल्या, सहा वस्तीतल्या, पाच तांड्यावरच्या.

ज्योतीच्या बापानं तिला सांगून ठेवलं होतं, "किल्ली तुझ्या हातात हाय तोवर मी स्थळ बघत न्हाई. किल्ली गेली की जूनमंदी उरकून टाकतो." त्यामुळं ती किल्ली पोरगी गळ्यातल्या दोऱ्यात घालायची.

दुसरी किल्ली अभ्यासिकेच्या कमिटीचे अध्यक्ष व्यंकटराव ह्यांच्याकडं. तिसरी माझ्या घरात खुंटीला, कारण मीटर आणि बॅटरीचा यूपीएस ह्यांची देखरेख माझ्याकडं.

बुधवारी मी पोचलो तेव्हा खोलीत जळका वास होता. प्रेमानंदला हिंगोलीहून बोलावून घेतलं होतं. त्यानं डबा उघडला, आत नाक घातलं आणि मान हलवली.

"ओव्हरहीट. बोर्ड जळाला."

"म्हंजे?" व्यंकटरावांनी विचारलं.

"म्हंजे गरम होऊन राहिलं होतं, अन् चालवणाऱ्यानं बंद केलं न्हाई. वरून बोर्ड जुना. पुण्यात नवं घेतलं असंल अन् भंगार गावाला दान केलं."

"भंगार न्हाई ते!" ज्योती म्हणाली. "अन् मी रोज बघते गरमी. लिहून ठेवते."

"लिहून ठेवल्यानं थंड होतं काय?" व्यंकटराव म्हणाले, आणि माणसं हसली. त्या हसण्यात मीही थोडा होतो, हे कबूल करतो. जाणकार माझा मुलगा होता, छाती फुगली होती. "शुक्रवारी कमिटी बसवतो. येताना किल्ली घेऊन ये, ज्योती. पोरीच्या हातात मशीन दिलं की हेच व्हायचं."

माणसं पांगल्यावर ज्योतीनं माझ्यापुढं एक शंभर पानी वही धरली.

"आबा, तुमी करंटमधले. तुमी तरी वाचा."

वहीच्या प्रत्येक पानावर पट्टीनं चार उभे रकाने आखले होते: वेळ, गरमी, पंखा, व्होल्टेज. जानेवारीपासून रोज दोन नोंदी, सकाळ आणि संध्याकाळ, रविवारची सुट्टी सोडली तर एकही दिवस चुकलेला नाही.

"हे कुठून काढती तू?"

"कॉम्प्युटरच सांगतो. रणजीतदादानं एक सॉफ्टवेअर टाकून दिलंय. पडद्याच्या कोपऱ्यात, घड्याळाजवळ गरमीचा आकडा दिसतो. त्याच्यावर दाबलं की खिडकी उघडती. त्यात सगळं. आत मेंदू किती तापला, त्याच्यावरचा पंखा एका मिनिटात किती फेरे घेतो, पोटात किती व्होल्ट जातात. साठच्या वर गरमी गेली की ते टीं टीं वरडतं. दादा म्हणला, आपल्याकडचा उन्हाळा हाय, नाडी बघत जा."

डॉक्टरही पेशंटची एवढी नाडी बघत नाहीत. मी पानं उलटली. आकडे गुराख्याच्या गुरांसारखे, रोज त्याच वाटेनं जाणारे. शनिवार संध्याकाळ: गरमी ५७, पंखा २८६०, व्होल्टेज १२.१.

मग सोमवार सकाळ: गरमी ६६, पंखा ४७२०, व्होल्टेज ११.४.

"हे काय?"

"त्याच दिवसापासून टीं टीं सुरू झालं, आबा. मी बंद करायची, थंड झालं की लावायची. प्रेमादादाला दाखवलं. ते म्हणले, गरम झालं म्हणून पंखा जोरात पळत होता, तुला समजायला पाहिजे होतं."

बराबर वाटलं मला. गरम झालं, पंखा जोरात. मी वही मिटली.

दारापर्यंत गेलो आणि तिथंच थांबलो.

३

"पोरी, हा पंखा कशावर फिरतो?"

"ह्याच्यावरच की. बारा व्होल्टच्या वायरीवर."

मी परत खाली बसलो. तीस वर्षं मी एकच गोष्ट पाहिली: व्होल्टेज उतरलं की पंखा मंदावतो. छताचा असो, टेबलाचा असो. इथं व्होल्टेज उतरलं होतं आणि पंखा पळत सुटला होता. म्हणजे बैलाची वैरण कमी केली आणि त्यानं दुप्पट नांगरलं. अशी थाप मीसुद्धा मारली नसती.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, जीपच्या टपावर बसून मी आणि ज्योती सेनगावला गेलो. एसटीडी बूथवरून रणजीतला फोन लावला. मी आकडे वाचून दाखवले.

"आबा, त्या बोर्डात पंख्याचा वेग कमीजास्त करायची सोयच न्हाई. पंखा सरळ बारा व्होल्टवर जोडलेला हाय. गरम होऊ द्या न्हाई तर थंड, तो अठ्ठावीसशेच्या आसपासच फिरणार. सत्तेचाळीसशे फिरणारा पंखा माझा न्हाई."

"आन् बोर्ड भंगार होता म्हणतात."

"कोण म्हणतं? मी दिवाळीला घेतलेला बोर्ड हाय तो."

मी फोन ठेवला. ज्योतीनं विचारलं, "काय झालं?"

"पोरी, तू आंधळ्या माणसाला कधी बैल वळखताना बघितलंय का? चालीवरून वळखतो. खुराच्या आवाजावरून. तुझ्या वहीत पंख्याची चाल लिहिलेली हाय. शनिवारी संध्याकाळी जो बैल गोठ्यात बांधला, तो सोमवारी सकाळी तिथं नव्हता. कातडं तेच, आतला बैल दुसरा."

तिला कळायला वेळ लागला. मग ती एकदम म्हणाली, "डबा तोच, आतलं सामान बदललं?"

"बोर्ड, मेंदू, पंखा, सगळं. नवं काढून जुनं घातलं. रविवारी."

"कोणी?"

"ज्याच्याकडं किल्ली हाय त्यानं," मी म्हणालो.

तीन किल्ल्या. एक तिच्या गळ्यात. एक व्यंकटरावांकडं. तिसरी कुठं आहे हे आम्हां दोघांनाही माहीत होतं, पण त्या जीपच्या टपावर परत येताना आम्ही दोघंही व्यंकटरावांबद्दलच बोललो.

४

परत आल्यावर ज्योतीनं एक प्रश्न विचारला. पोरगी हुशार.

"आबा, नुसतं सामान बदलून कोणी जाईल का? चालू करून बघणार ना? नवा बोर्ड बसला की कॉम्प्युटर दहादा विचारतो, नवं सामान सापडलं, काय करू? सगळं भरावं लागतं, बंद-चालू करावं लागतं. तासभर जातो. अन् रविवारी दुपारी तर व्होल्टेजच नव्हतं. आमच्या घरी टीव्ही लागंना."

व्होल्टेजच नव्हतं. आणि अडीचला माझा पंखा एकदम सुटला होता.

मी उठलो आणि डीपीकडं चालू लागलो. तुम्ही शहरातली माणसं असाल तर सांगतो: उन्हाळ्यात जमीन कोरडी पडते, डीपीची अर्थिंग जमिनीला धरत नाही आणि व्होल्टेज बसतं. मग कुणीतरी जाऊन अर्थिंगच्या खड्ड्यात घागरभर पाणी ओततं. जमीन ओली होते, दिवे उजळतात. चांगली पद्धत नाही, पण आमच्याकडं चालते. डीपी पाणी पितो असं सांगून मी चारचौघांना हसवलं होतं, तेव्हा तो खरोखरच प्यायला होता. धुरपताबाईची घागर.

खड्डा लिंबापासून दहा पावलांवर. आमची काळी माती ओली झाली की ठसा धरते, आणि मे महिन्याच्या उन्हात तो ठसा विटेसारखा भाजून निघतो. खड्ड्याच्या काठावर दोन पाय उमटले होते. उजवा चपलेचा. डावा अनवाणी, पाची बोटं मोजून घ्यावीत इतका स्वच्छ.

"एकाच पायात चप्पल?" ज्योती म्हणाली. मग तिनं तोंडावर हात ठेवला. "आबा... रूपसिंगकाका."

रूपसिंग रणजीतचा चुलता. अभ्यासिका झाडायचा. पंधरा दिवसांपासून त्याच्या डाव्या पायात काटा मोडून पाय पिकला होता, आणि तो एकाच पायात चप्पल घालून गावभर फिरत होता.

त्या ठशाकडं बघत मी उकिडवा बसून राहिलो.

५

घरी आलो. लक्ष्मीबाई भाकरी थापत होती. मी खुंटीकडं बघितलं. किल्ली होती. पण मी ती कायम दोरा मागं टाकून अडकवतो. आता दोरा पुढं लोंबत होता.

"रविवारी ही किल्ली कोणी काढली होती?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली. वरून पाणी फिरवलं.

"लक्ष्मे, इचारून राहिलो."

"तुमी झोपला हुता."

"म्हणून तर इचारतो."

"झोपला हुता ते बरं हुतं," ती म्हणाली, आणि भाकरी उलटली. चाळीस वर्षांच्या संसारात तिनं मला कधी खोटं सांगितलं नव्हतं. खोट्याचं दोघांचं खातं मी एकट्यानंच भरून ठेवलं होतं.

मला आठवत होतं. प्रेमा सात वर्षांचा होता. असाच उन्हाळा. मी अर्थिंगला पाणी घालायला निघालो, तो बोट धरून माझ्यासोबत. माझ्या डाव्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि पायाखाली ती फटफट करत होती. खड्ड्यापाशी ती निघालीच. पोरानं विचारलं, "बाबा, एक चप्पल काहून काढली?" तेव्हा नवी चप्पल घ्यायची ऐपत नव्हती. पण पोराला ते सांगायचं कसं? मी म्हणालो, "डाव्या पायातली काढावीच लागती, राजा. न्हाई तर करंट पाण्याच्या धारेवरून वर चढतो. हे फक्त लाईनमनलाच ठावूक असतं." लेकरानं डोळे मोठे करून मान हलवली.

खरं तर उलट आहे. ओल्या अर्थिंगजवळ अनवाणी पाय म्हणजे मरणाला आवतण. मी पोराला जीवघेणी थाप मारली होती आणि विसरून गेलो होतो.

पण ठसा कुणाचाही असू शकतो, असं मी रात्रभर स्वतःला समजावलं. पंचवीस वर्षांमागची गोष्ट. एवढा शिकलेला पोरगा अजून ते थोडंच धरून बसला असेल?

६

शुक्रवारी दुपारी अभ्यासिकेत कमिटी बसली. व्यंकटराव खुर्चीवर, बाकी माणसं सतरंजीवर, रूपसिंगही त्यांच्यातच. दाराशी बाया, त्यांच्यात धुरपताबाई. प्रेमानंद जळका बोर्ड आणि दुकानातला एक चालू डबा घेऊन आला होता, सगळ्यांना समजावून सांगायला. ज्योती भिंतीला टेकून उभी, गळ्यातल्या दोऱ्यावर हात.

मी पंख्याचं सगळं सांगितलं. वही फिरवली. रणजीतचं म्हणणं सांगितलं.

"म्हंजे चोरी," व्यंकटराव म्हणाले. खुर्चीत सावरून बसले. त्यांच्याकडं किल्ली होती, हे त्यांनाही आठवलं असावं. "कोणी केली?"

मी घागरीचं आणि ठशाचं सांगितलं. एवढंच सांगायचं होतं, पण माणसं तर्काला माझ्यापेक्षा चपळ निघाली. सगळ्यांच्या नजरा रूपसिंगच्या पायाकडं वळल्या.

"तरीच!" कोणीतरी म्हणालं. "तांड्याचा तो तांड्याचाच."

"काय तांड्याचा?" रूपसिंग उठला. "माझ्या पुतण्यानं दिलं, अन् म्या चोरू? कोन बोललं ते? पुढं ये!"

"अरं, एका पायात चप्पल गावात दुसऱ्या कोणाच्या हाय का?" व्यंकटराव म्हणाले. "झाडायला ज्योतीची किल्ली घेतो का न्हाई तू? बोल."

"घेतो. घेतो तर?"

"बस मंग."

दोन दिवसांपूर्वी ज्या तोंडांनी ज्योतीचा चोळामोळा केला, ती आता रूपसिंगकडं वळली होती. प्रेमानंद खाली मान घालून बोर्डावरची धूळ पुसत होता. तो एक शब्द बोलला असता तर मी पुढचं केलं नसतं.

"थांबा," मी म्हणालो. "रूपसिंगच्या पायाला पंधरा दिवसांपासून फडकं बांधलंय. फडक्याच्या ठशात बोटं उमटतील का? खड्ड्यावरच्या पायाची पाची बोटं हायत. चला, दाखवतो. आन् प्रेमा, तुझा डबा चालू करायचाय ना? यूपीएस कुईकुई करून राहिलाय. व्होल्टेज बसलंय. वाटंत अर्थिंगला घागरभर पाणी घाल बाबा."

सगळे बाहेर निघाले. लिंबाखाली धुरपताबाईची भरली घागर होती. मी तिच्याकडं बघितलं. तिनं काय ओळखलं कोण जाणे, पण म्हणाली, "घ्या."

प्रेमानं घागर उचलली आणि खड्ड्याकडं चालत गेला. माझ्यापासून पाच पावलांवर. मी मनात म्हणत होतो, पोरा, तसाच ओत. तसाच ओत. आयुष्यात कधी बापाचं ऐकलं नसशील तर आजही ऐकू नको.

खड्ड्याच्या काठावर तो थांबला. दोन्ही हातांत घागर, नजर पाण्याकडं. आणि खाली न बघता, सवयीनं, त्यानं डाव्या पायातली चप्पल झटकून बाजूला केली.

मग पाणी ओतलं.

ओतून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की सगळे खाली मातीकडं बघताहेत. त्यानं वर बघितलं, मग स्वतःच्या पायाकडं, मग शेजारच्या वाळक्या ठशाकडं. ओल्या मातीत नवा ठसा उमटला होता, जुन्याचा सख्खा भाऊ.

"अगो बाई," धुरपताबाई म्हणाली. एवढंच.

"चप्पल काहून काढली, दादा?" ज्योतीनं विचारलं. अगदी हळू.

"काढावी लागती," प्रेमा म्हणाला. आवाज सात वर्षांच्या पोराचा. "न्हाई तर करंट धारेवरून चढतो. बाबांनीच सांगितलंय. लाईनमनलाच ठावूक असतं ते."

मागं कोणीतरी खुदकन हसलं, मग थांबलं.

"तसं काही नसतं, प्रेमा," मी म्हणालो. "थाप होती. माझी चप्पल तुटली होती."

मला वाटलं होतं तो चोरी नाकारेल, भांडेल, पळून जाईल. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की त्यापेक्षा खांबावरून पडलेलं बरं.

"म्हंजे ते खोटं होतं?" तो म्हणाला. "बाबा, मी पंचवीस वर्षं करून राहिलोय. आधी गावातल्या, मंग दुकानाच्या अर्थिंगला. दर उन्हाळ्यात."

७

पुढचं फार नाही. बोर्ड त्याच्या दुकानातल्या कॉम्प्युटरमध्ये सापडला, त्यानंच काढून दिला. पोलिसांत कोणी गेलं नाही. रणजीतनं नको म्हणून सांगितलं.

चोरी का केली हे त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं, आणि त्यात मला थाप सापडली नाही. "आठ वर्षं झाली दुकानाला. कधी कोणी म्हणलं न्हाई, प्रेमानंद, हे घे नवं, शिकव गावाला. ती सहा महिन्याच्या कोर्सवर मॅडम. तिला नुसती टायपिंगची बोटं शिकवायचीत, जुन्यावर बी होतं ते. मी चोरी न्हाई केली. बदली केली. जुनं इतक्या लवकर जळंल, हे ठावूक नव्हतं."

"अन् जळल्यावर माझं नाव घेतलं," ज्योती म्हणाली.

त्यानं काढलेली चप्पल पायात घातली.

व्यंकटराव रूपसिंगची माफी मागतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "चला, झालं गेलं," आणि धोतर झटकून निघून गेले. तांड्याचा तो तांड्याचाच, असं म्हणणारा माणूस तर सापडलाच नाही. त्याच्या बोलण्याचा ठसा कुठं उमटला नव्हता.

किल्ली ज्योतीच्याच गळ्यात राहिली. जूनमध्ये लग्न झालं नाही. अकरातल्या नऊ पोरी कॉम्प्युटरच्या परीक्षेत पास झाल्या. तिसरी किल्ली मी स्वतः नेऊन तिच्या हातात दिली. ती घेताना तिनं "राहू द्या, आबा" म्हटलं नाही. म्हणायला नकोच होतं.

प्रेमा त्या दिवसापासून रविवारी येत नाही. लक्ष्मीबाई दर रविवारी त्याच्या वाटणीची भाकरी करते आणि सोमवारी मला खायला घालते. बोलते, पण कामापुरतं. "तुमी त्याला पाणी घालायला लावलं," एकदाच म्हणाली. "नुसतं सांगितलं असतं तरी चाललं असतं."

"माझ्या सांगण्यावर कोणी विश्वास ठेवला असता?"

"त्यानं ठेवला हुता," ती म्हणाली.

आता मी ओट्यावर बसतो. माणसं म्हणतात, लाईनमन, सांगा की बिबट्याचं. मी म्हणतो, बिबट्या नव्हता, कुत्रं होतं. पक्कड माझ्या हातून पडली होती. मग ती उठून जातात.

संध्याकाळी कधी अभ्यासिकेकडं चक्कर मारतो. ज्योती वही उघडून दाखवते. गरमी ५६, पंखा २८७०, व्होल्टेज १२.१. बैल आपल्या गोठ्यात आहे.

उन्हाळ्यात व्होल्टेज बसलं की अर्थिंगला पाणी मीच घालतो, घरची घागर नेऊन. चपलांची नवी जोडी आहे, अंगठे धडधाकट आहेत. ओतून झालं की खाली बघतो, आणि डावी चप्पल मी बाजूला काढून ठेवलेली असते.